जुन्या सात आसनी गाडीत ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागतो आणि विझतो: शोध कुठून सुरू करायचा

कराडहून चिपळूणकडे जाताना हेळवाक मागे पडतं, कुंभार्ली घाटाचा उतार सुरू होतो आणि एखाद्या वळणावर मीटरमधला ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागून विझतो. पुढच्या वळणावर पुन्हा लागतो. खाली पोफळीला आलं की काहीच नाही. गॅरेजमध्ये गाडी नेऊन उभी केली तर दिवा लागायला तयार नसतो. मग ब्रेक मारून पाहिले जातात, ‘ब्रेक तर चांगले आहेत’ असं ऐकायला मिळतं, डबीत थोडं ब्रेक ऑईल ओतलं जातं आणि गाडी घरी येते. काही महिन्यांनी दिवा पुन्हा हजर.

आमच्या जुन्या सात आसनी डिझेल गाडीचं दुखणं असंच लांबत गेलं होतं. क्वालिस, टवेरा, ओम्नी, ईको, पहिल्या पिढीची इनोव्हा, कुठलीही सात-आठ माणसं वाहणारी आणि बरीच वर्षं चाललेली गाडी असो, खाली लिहिलेलं बहुतेक सगळं तिला लागू पडेल. या गाड्यांत घरची सगळी माणसं बसलेली असतात, टपावर सामान असतं आणि रस्ता घाटाचा असतो. म्हणून या दिव्याकडे काणाडोळा करणं मला मुळीच पटत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट. दिवा लागला आणि त्याच वेळी पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, मऊ लागलं किंवा दोन-तीनदा मारल्यावरच वर आलं, तर गाडी पुढे न्यायची नाही. घाटात असाल तर खालचा गिअर टाका, इंजिनच्या जोरावर वेग उतरवा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं एकदम जाम होणार नाहीत. डोंगराच्या बाजूला गाडी लावा, चाकांना दगड लावा आणि टोइंग बोलवा. पेडल नेहमीसारखं घट्ट असेल तर सावकाश सपाट जागेवर या, इंजिन बंद करा आणि डबीतली पातळी बघा.

दिवा पेटवतं कोण

जुन्या गाड्यांत या दिव्याची वायरिंग साधी असते. दिव्याला एका बाजूने चावीचा सप्लाय, दुसऱ्या बाजूने दोन स्विच. एक हँडब्रेकच्या दांड्याखाली, दुसरा बॉनेटखाली मास्टर सिलिंडरवरच्या (पेडलचा जोर ऑईलवर देणारा मुख्य सिलिंडर) ब्रेक ऑईलच्या डबीत. दोन्हींपैकी कुठल्याही एकाने अर्थ दिला, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्याला जोडली, की दिवा लागतो. डबीतला स्विच म्हणजे एक तरंगता फ्लोट आणि त्यातलं चुंबक. पातळी उतरली की फ्लोट खाली येतो आणि सर्किट पूर्ण होतं. काही गाड्यांत तो झाकणात असतो, काहींत डबीच्या बुडाशी.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, बऱ्याच गाड्यांत हा दिवा तपासणीसाठी आपोआप लागतो आणि नंतर विझतो. तुमच्या गाडीत तसा नसेल तर हँडब्रेक ओढून बघा. तरीही लागत नसेल तर बल्ब गेला आहे किंवा कुणी मुद्दाम काढला आहे. जुनी गाडी विकत घेताना हे हमखास बघावं. सतत लागणाऱ्या दिव्यापेक्षा कधीच न लागणारा दिवा जास्त धोक्याचा.

आता दिवा काय सांगत नाही तेही लक्षात ठेवलं पाहिजे. लांब उतारावर सतत ब्रेक मारून ऑईल उकळलं, पेडल मऊ पडलं, तरी दिवा लागत नाही, कारण डबीतली पातळी तशीच असते. ड्रम (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, ज्याला आतून लायनर दाबले की ब्रेक लागतो) तापून पकड सुटली तरीही तो गप्प असतो. दिवा लागत नाही म्हणजे ब्रेक उत्तम आहेत, असं त्यातून निघत नाही.

ऑईल ओतण्याआधी ते गेलं कुठे ते बघा

या लेखातून एकच गोष्ट कुणाच्या लक्षात राहायची असेल तर ती ही राहू दे. ब्रेक ऑईल जळत नाही, उडून जात नाही, वापराने संपत नाही. ते बंद नळ्यांमध्ये फिरतं. डबीत कमी झालं तर एक तर पुढचे पॅड (चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या) झिजले आहेत, नाही तर कुठेतरी गळती आहे. यापलीकडे तिसरं कारण सहसा नसतं.

पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन तेवढा बाहेर येऊन उभा राहतो, त्याच्या मागची जागा ऑईल भरून काढतं आणि डबीतली पातळी तितकी उतरते. हे नैसर्गिक आहे. पातळी खालच्या खुणेपाशी आली की घाटात नाक खाली झाल्यावर किंवा वळणावर ऑईल एका बाजूला सरकतं, फ्लोटखालचं ऑईल हटतं आणि दिवा क्षणभर लागतो. गाडी सरळ झाली की विझतो. म्हणजे दिवा बिघडलेला नाही, तो आपलं काम करतो आहे. अशा वेळी नुसतं ऑईल ओतलं तर पॅड झिजल्याची सूचना आपणच बंद केली असं होतं. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच जादा ऑईल डबीतून वर येऊन सांडतं, आणि ब्रेक ऑईल गाडीचा रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

म्हणून पुढची चाकं काढून पॅडची जाडी बघा. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी मसाला (घासला जाणारा थर) असतो. ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. आतल्या बाजूचा पॅड जरूर बघा. बाहेरचा चांगला दिसतो आणि आतला पत्र्याला टेकलेला असतो, असं जुन्या कॅलिपरमध्ये पिना जाम झाल्या की होतं.

पॅड चांगले आहेत आणि पातळी तरी उतरली आहे? मग गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत थांबायचं नाही.

आमच्या गाडीत पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. पार्किंगमध्ये जमिनीवर एक थेंब कधी दिसला नव्हता, त्यामुळे गळतीचा विचार कुणी केला नव्हता. मागचं डावं चाक काढलं, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, ड्रम सोडवला. लायनरचा भुगा ड्रममध्ये नेहमी कोरडा, करडा असतो. इथे खालच्या बाजूला तो काळ्या चिकट लगद्यासारखा बॅकिंग प्लेटला धरून बसला होता. व्हील सिलिंडरच्या (ड्रममध्ये लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) टोकाला जी रबरी टोपी असते तिची कड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उचलली आणि आतून तपकिरी पातळ ऑईल ओघळून बोटावर आलं. टोपीच्या आत किंचित ओलसरपणा असतो, तो चालतो. थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. जे काही झिरपत होतं ते भुगा पिऊन टाकत होता, म्हणून खाली कधी डाग पडला नाही.

इथे एक घोटाळा होऊ शकतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत एक्सलचं ऑईल सील गेलं तर हौसिंगमधलं गिअर ऑईलही ड्रममध्ये उतरतं आणि दिसायला सगळं तसंच ओलं दिसतं. बोटावर घेऊन बघा. गिअर ऑईल जाडसर असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि पाण्याने ते जात नाही. ब्रेक ऑईल पातळ असतं आणि पाण्याने धुतलं जातं. दोन्ही ठिकाणी लायनर मात्र बदलावेच लागतात. ऑईल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, घासून परत बसवू देऊ नका. तापल्यावर मुरलेलं ऑईल पुन्हा वर येतं आणि गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. लायनर दोन्ही चाकांचे एकदमच बदला. आणि तो भुगा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक असा ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओला करून पुसून घ्या.

मागची चाकं कोरडी निघाली तर आणखी काही जागा बघायच्या. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या गोल डब्याला) जोडलेला असतो त्या सांध्याखाली बोट फिरवा. मागचं सील गेलं की ऑईल बूस्टरच्या आत जातं आणि बाहेर फक्त त्या जागेचा रंग सुटलेला, पत्रा उघडा पडलेला दिसतो. चॅसिसच्या कडेने मागे जाणारे लोखंडी पाइप किनारपट्टीवरच्या गाड्यांत क्लिपांपाशी आणि नटांपाशी गंजतात. रत्नागिरी, मालवण, अलिबाग भागातल्या गाडीवाल्यांनी इथे जरा जास्त वेळ घालवावा. रबरी होज पाईप चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, वाकवून बघा. तडे त्याशिवाय दिसत नाहीत.

आणि एक जागा हमखास सुटते ती क्लचची. हायड्रॉलिक क्लच असलेल्या कितीतरी गाड्यांत क्लचला ऑईल ब्रेकच्याच डबीतून जातं. गिअरबॉक्सजवळचा क्लचचा खालचा सिलिंडर झिरपू लागला तरी लागतो ब्रेकचा दिवा, आणि सगळे चारही चाकं उघडून बसतात. डबीतून एखादा जादा बारीक पाईप निघून क्लचकडे जातो का ते बघा. जात असेल तर पेडलखाली ड्रायव्हरच्या पायाशी आणि गिअरबॉक्सजवळ, दोन्ही टोकांना ओल शोधा.

पातळी पूर्ण आहे, तरी दिवा लागतो

आता स्विच आणि वायर. यात वेळ वाचवायचा असेल तर दिवा कधी लागतो हे गाडीत बसणाऱ्या कुणाला तरी लिहून ठेवायला सांगा. उतार होता की चढ, डावं वळण की उजवं, ब्रेकवर पाय होता का, खड्डा गेला का, पाऊस होता का, हेडलाइट आणि एसी चालू होते का. गॅरेजमध्ये ‘मधूनच लागतो’ एवढंच सांगितलं तर इलेक्ट्रिशियन बिचारा कुठून सुरुवात करणार? ‘खड्ड्यात चाक गेलं की लागतो आणि दांडा खाली दाबला की विझतो’ असं सांगितलं तर अर्धं काम तिथेच झालं.

कारण ते लक्षण हँडब्रेकच्या स्विचचं आहे. दांड्याच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टिकचं कव्हर दोन-चार स्क्रूंवर असतं. ते काढलं की खाली शेंगदाण्याएवढा बटण-स्विच आणि त्याला आलेली एकच वायर दिसते. दांडा पूर्ण खाली बसला की त्याची पट्टी हे बटण दाबून धरते. दांडा एक दात जरी वर राहिला तरी बटण सुटतं. नव्याने केबल टाईट केल्यावर दिवा लागू लागला असेल तर केबल गरजेपेक्षा जास्त ओढली गेली आहे, ती सैल करून घ्या, नाही तर मागचे लायनर घासत राहतील आणि ड्रम तापतील. केबल ठीक असेल तर स्विचची पट्टी किंचित वाकलेली असते, किंवा बटणात चहा, सरबत आणि वाळू जाऊन ते चिकटलेलं असतं. दोन सीटच्या मध्ये काय काय सांडतं ते सांगायला नको. साफ करा, न जमल्यास बदला, स्वस्त असतो. वायर काढून टेप गुंडाळून ठेवणं हा इलाज नव्हे. हँडब्रेक ओढलेला राहून गाडी पुढे नेली तर कळणारच नाही.

दांडा दाबून फरक पडत नसेल तर दिवा लागलेला असतानाच डबीचं कप्लर (वायरचा जोड) काढा. दिवा विझला तर दोष फ्लोटमध्ये आहे. डबीवर बोटाने टिचक्या मारून बघा, दिवा लुकलुकला तर फ्लोट अडकतो आहे. जुन्या ऑईलचा गाळ साचला की तो अडकतो, आणि बरीच वर्षं झाली की फ्लोटच तडकून ऑईल पितो आणि जड होऊन बुडतो. मग डबी काठोकाठ भरली तरी दिवा लागतो. काही गाड्यांत सर्किट उलटं असतं, कप्लर काढल्यावर दिवा लागतो. त्या वेळी गोंधळून जाऊ नका, मॅन्युअल बघा किंवा स्विच मल्टिमीटरने तपासा.

दोन्ही स्विच सोडवले तरी दिवा लागतोच आहे, तर वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. कार्पेटखाली सीटच्या रुळाजवळ, फायरवॉलमधून वायर जिथे बाहेर येते तिथे, आणि उंदरांनी कुरतडलेल्या जागा. पावसाळ्यात लागून हिवाळ्यात बरा होणारा दिवा बहुतेकदा कप्लरमधल्या हिरव्या गंजाचा असतो.

ब्रेकच्या दिव्याबरोबर बॅटरीचा दिवाही मंद लुकलुकत असेल तर ब्रेक सोडा, चार्जिंग बघा. काही जुन्या गाड्यांत दोन्ही दिव्यांची तपासणी अल्टरनेटरमार्फत होते, आणि त्यातला डायोड गेला की दोन्ही एकदम लागतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. डिझेलवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. पट्टा तुटला तर चार्जिंग जातं आणि थोड्या वेळात पेडलही दगडासारखं कडक होतं.

एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा सोबत लागत असेल तर ही वेगळी बाब आहे. मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा बंद पडली असं गाडी सांगते आहे, आणि जोरात ब्रेक मारल्यास मागची चाकं लॉक होऊ शकतात. इथे स्कॅनर लावूनच दोष कुठे आहे ते कळेल.

ऑईल कोणतं, किती, कसं

डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑईलची प्रतवारी) लिहिलेलं असतं, तेच घाला. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळबिंदू घसरतो. प्रमाणानुसार नव्या डॉट ३ चा किमान उकळबिंदू २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावरचा १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. घाटात हाच फरक कामाला येतो. दोन वर्षांनी पूर्ण ऑईल बदलावं असं बऱ्याच कंपन्या सांगतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते पाळायलाच हवं. गॅरेजच्या फळीवर झाकण उघडं राहिलेली अर्धी बाटली असेल तर ती नको म्हणा, सीलबंद नवी आणा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल चुकूनही डबीत गेलं तर सगळी रबरं फुगतात आणि काम फार महागात जातं. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसून घ्या.

सिलिंडर बदलल्यावर हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे ते सहसा मागचं डावं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. ज्या गाड्यांत मागच्या एक्सलला भारानुसार उघडणारा व्हॉल्व्ह आहे, त्यांत मागचा भाग जॅकवर लटकलेला असताना हवा नीट निघत नाही, चाकं जमिनीवर किंवा घोडी एक्सलखाली हवी. निपल (चाकापाशी हवा काढायचा बारीक स्क्रू) उघडताना नळीचं टोक ऑईलच्या बाटलीत बुडवलेलं ठेवा आणि काम चालू असताना डबी रिकामी होऊ देऊ नका.

आमच्या गाडीत मागचे दोन्ही व्हील सिलिंडर आणि लायनर बदलले, चारही चाकांतून जुनं ऑईल काढून नवं भरलं. मग गाडी सपाट जागेवर, थंड असताना उभी करून डबीवर पातळीच्या रेषेत कागदी टेपची बारीक पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली. आता बॉनेट उघडलं की आधी ती पट्टी बघायची. पॅड झिजतील तशी पातळी अगदी हळू उतरेल, तेव्हा ऑईल न ओतता पॅड मोजायचे. महिन्याभरात नजरेत भरेल इतकी उतरली तर पुन्हा ड्रम उघडायचे.